चार नोंदींची डिस्क

विंडोजशेजारी लिनक्स बसवणं म्हणजे संगणकाच्या मूळ रचनेशी झटापट, असा समज अजून टिकून आहे. इतिहास नेमका उलट आहे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला आणि त्याच्या जोडीला आलेल्या पीसी डॉस २.० ने डिस्कची पार्टिशनं पाडण्याची पद्धत रूढ केली. त्या डॉसला डिस्कवर स्वतःचं एकच पार्टिशन करता येई, तरी पार्टिशनांच्या तक्त्यात नोंदी चार होत्या. उरलेल्या तीन सीपीएम-८६ किंवा झेनिक्ससारख्या इतर ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. यंत्र कोणत्या पार्टिशनवरून सुरू व्हावं हे बदलण्याची सोयही एफडिस्क या पार्टिशनं पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होती. म्हणजे दुसऱ्या सिस्टिमची जागा नंतर कुणी उपकार म्हणून काढून दिलेली नाही. ती होतीच, पुढे पहिलीने ती व्यापली.

हा सगळा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मावतो. ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे, ६४ बाइट चार नोंदींचे, शेवटचे २ खुणेचे. १६ बाइटच्या प्रत्येक नोंदीत एक बाइट प्रकाराचा असतो: ८३ म्हणजे लिनक्स, ०७ म्हणजे विंडोजची एनटीएफएस. सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणून शेतातलं पीक बदलत नाही, तसंच हा आकडा बदलल्याने आतल्या फाइल बदलत नाहीत. बदलतो तो फक्त दावा. पण इथे नोंदी तपासणारा तलाठी कुणीच नव्हता. ८२ हा आकडा लिनक्सच्या स्वॅप पार्टिशननेही घेतला आणि सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनेही. एकाच डिस्कवर दोन्ही असले की गोंधळ ठरलेला, म्हणून सोलारिसला पुढे वेगळा आकडा घ्यावा लागला.

चारच नोंदी ठेवल्या हीच मूळ चूक, असा आक्षेप घेता येईल. तो पुरता पटत नाही, कारण १९८७ च्या डॉस ३.३ पासून एका नोंदीचं एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्यात अनेक लॉजिकल पार्टिशनं ठेवता येऊ लागली होती. खरी अडचण वापराच्या सवयीची. दुकानातून येणाऱ्या पीसीवर अख्खी डिस्क एकाच पार्टिशनला दिलेली असे. १९९० च्या दशकात फिप्स हा छोटा प्रोग्रॅम म्हणूनच मोलाचा ठरला: आधी डिफ्रॅग करून फाइल पुढे सरकवायच्या, मग मागची रिकामी जागा तोडून वेगळी नोंद करायची. जुना तक्ता फ्लॉपीवर जपून ठेवण्याची सोयही त्यात होती.

विंडोज ७ च्या काळातल्या अनेक लॅपटॉपवर चारही नोंदी कारखान्यातच भरलेल्या असत: १०० मेगाबाइटच्या आसपासचं सिस्टिम पार्टिशन, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि कंपनीच्या साधनांचं एखादं. पाचवं पार्टिशन मागितलं की विंडोज सगळी डिस्क 'डायनॅमिक' करण्याचा प्रस्ताव पुढे करी. होकार दिला की नोंदींचा प्रकार ४२ होई, खरा हिशेब डिस्कच्या शेवटी ठेवलेल्या वेगळ्या कोठारात जाई आणि लिनक्स बसवणं अवघड होऊन बसे. परतायचं तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सगळे व्हॉल्यूम पुसल्याशिवाय वाट नव्हती. विंडोज इशारा देत असे, मग दोष वापरणाऱ्याचा नाही का, असं कुणी विचारेल. इशारा होता हे खरं. अनेक डिस्क जोडून वापरणाऱ्या सर्व्हरला डायनॅमिक डिस्कचा उपयोग होता, हेही खरं. पण एका डिस्कच्या लॅपटॉपला तो जवळपास नव्हताच, आणि एखादं प्रायमरी पार्टिशन लॉजिकल करण्याचा साधा पर्याय त्या खिडकीत दिसतच नसे. त्यासाठी बाहेरचं साधन शोधावं लागे. दार उघडं आहे हे लपवून भिंत फोडायला सांगणं, याला मी सूचना म्हणणार नाही.

आता जीपीटी या नव्या पद्धतीच्या तक्त्यात साधारणपणे १२८ नोंदी मावतात आणि प्रकारासाठी एक नव्हे, १६ बाइट असतात, त्यामुळे आकड्यांची टक्कर संपल्यातच जमा आहे. डायनॅमिक डिस्क मायक्रोसॉफ्टनेच मोडीत काढली. जुना तक्ता डेटा न पुसता जीपीटीत बदलणारं साधन विंडोज १० मध्ये २०१७ साली आलं, पण त्याची एक अट आहे: जुन्या तक्त्यात प्रायमरी पार्टिशनं तीनपेक्षा जास्त नसावीत.