वैरणीचा हिशोब

शनिवारी मंगळवार पेठेत घरी होतो. मिरजकर तिकटीवर चहा पिताना पुन्हा २०१९ च्या महापुराचा विषय निघाला. आम्ही पोरं तेव्हा पुण्याहून कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतो. मामाचा चिखलीहून फोन आला, "बिस्किटं म्हशी खात न्हाईत रे. वैरण बघ."

तिथं डोक्यात ट्यूब पेटली!

पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात. कितीतरी लोक जनावरं सोडून बोटीत बसायलाच तयार नव्हते. काहींनी शेवटी दावी कापून त्यांना सोडून दिलं. का? कारण इथं घरखर्च दर दहा दिवसांच्या दूधबिलावर चालतो. गोठा गेला की पगारच गेला.

आता गणित बघा. मोठ्या जनावराला दिवसाला साधारण २५ किलो वैरण लागते. गावात हजार जनावरं धरली तर रोज २५ टन! आणि ऊस पाण्याखाली, म्हणजे वाडंही नाही.

कोल्हापूरला हे नवं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढलीच, पण जनावरांसाठी छावण्याही उघडल्या. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम २२. आपण त्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यू देत होतो. जनावर मेलं तर पाऊस पडूनही शेतकरी उभा राहणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

फरक एवढाच, की दुष्काळात जनावर चालत छावणीला जातं. पुरात रस्ताच नसतो, वैरण त्याच्याकडे न्यावी लागते. २०१९ ला बाहेरगावच्या लोकांनी ट्रक भरभरून चारा पाठवला, तालमी-मंडळांनी पूरग्रस्तांना जेवण पुरवलं. तेव्हाच्या सरकारी नियमाप्रमाणे मेलेल्या दुभत्या जनावरामागे ३०,००० रुपये मिळायचे, तेही एका घरात जास्तीत जास्त तीन जनावरांना. चांगली म्हैस त्यात येत नव्हती हो.

पण खरी गोची पुढंच असते. मदतीचे ट्रक पंधरा दिवसांत थांबतात, नवी वैरण उगवायला दोन-तीन महिने जातात. त्या मधल्या काळात म्हैस कमी भावात विकली जाते.

मामानं दोन विकल्या. पूर ओसरल्यावर.

म्हणून पुढच्या वेळी वर्गणी काढाल तेव्हा अर्धी बाजूला ठेवा. महिन्याभरानं कडबा घ्यायला.