दोन श्रावण, एक चंद्र

उत्तर हिंदुस्थानात बिऱ्हाड केलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबास एक अनुभव ठाऊक आहे. शेजारच्या घरी श्रावणी सोमवारचे उपवास सुरू होऊन पंधरवडा लोटला, तरी आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेत आषाढच असतो. मुले कारण विचारतात आणि वडीलधारी मंडळी ‘आपल्यात तसेच असते’ असे सांगून मोकळी होतात. बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांचे पाणी चाखलेल्या आम्हांस हे उत्तर कधी पुरेसे वाटले नाही.

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास व ४४ मिनिटे जातात. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक व आंध्र या प्रांतांत अमावास्येस महिना संपतो. उत्तरेत तो पौर्णिमेस संपतो. शुक्ल पक्षात उभयतांचा महिना एकच, वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना एका नावाने पुढे असतो. म्हणून आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीस होणारा कृष्णजन्म मथुरेत भाद्रपद कृष्ण अष्टमीस होतो. रात्र तीच आणि आकाशातील चंद्रही तोच!

हा भेद केवळ नावाचा झाला. सूर्याच्या गणितातील भेद याहून खोल आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे डुलत सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो. त्यामुळे ऋतूंचे वर्ष नक्षत्रांवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान पडते, व सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाचे अंतर पडते. आपली पंचांगे नक्षत्रांचे वर्ष धरून चालली. परिणामी खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि तिळगूळ आपण १४-१५ जानेवारीस वाटतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीस झाला, तेव्हा तारीख १२ जानेवारी होती.

या घोटाळ्याकडे महाराष्ट्राने डोळेझाक केली नाही, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वर आपली पंचांगे शतकानुशतके चालत होती. पण जुन्या गणिताने काढलेले ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळेनासे झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली व १८६५ पासून त्यांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा. शिक्षकी पेशातील या गृहस्थाने मराठीत लिहिलेल्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुढे भारत सरकारने प्रसिद्ध केले, याहून मोठा गौरव कोणता?

नक्षत्रचक्राचा आरंभ कोठे धरावा, यावरून मात्र मतभेद झाले. छत्रे व लोकमान्य टिळक रेवतीच्या ताऱ्याच्या पक्षाचे. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर असल्याने टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीस होते, आणि क्वचित अधिक मासही निराळा येतो. भांडण विद्वानांचे, पण फराळाचा दिवस चुकतो तो सासर-माहेरच्या मंडळींचा!

स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी व ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ हा राष्ट्रीय दिनांक सुरू झाला. त्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत, आणि ते उगीच नव्हे. जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते व तिची गती मंदावते. त्यामुळे वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंतचा काळ सुमारे १८६ दिवसांचा, उरलेला १७९ दिवसांचा. इतके नेटके कालगणित सरकारी राजपत्राच्या माथ्यावर छापले जाते, पण आमच्या सहकाऱ्यांपैकी आजचा राष्ट्रीय दिनांक न पाहता सांगणारा विरळाच. समितीने सणांसाठी नक्षत्रांचेच गणित कायम ठेवले. लोकभावना पाहता ते शहाणपणाचे होते, पण आमच्या मते काम अर्धेच राहिले.

दूरदेशी राहणाऱ्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या देशात एकच असतो. सूर्योदय व चंद्रोदय मात्र गावोगाव निराळे. केवळ रेखांशाच्या फरकामुळे कलकत्त्यास सूर्य पुण्यापेक्षा सुमारे ५८ मिनिटे आधी उगवतो. या अवधीत तिथी पालटली, तर कलकत्त्याच्या सूर्योदयास आदली तिथी असते आणि पुण्याच्या सूर्योदयास पुढची. चंद्रोदयाचेही तसेच. पुण्याहून आलेल्या पंचांगातील वेळ पाहून संकष्टीचा उपवास सोडणारी कलकत्त्याची गृहिणी जवळजवळ तासभर विनाकारण उपाशी राहते, आणि चंद्र केव्हाच गच्चीवर आलेला असतो.