न आंबलेल्या दुधात काय शोधायचे?

धार काढल्यावर लवकरात लवकर दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत गार केले की ते सहसा आंबत नाही. पण थंडीत सगळेच जीवाणू थांबत नाहीत. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्ससारखे जीवाणू त्या तापमानालाही वाढतात. एका मिलिलिटरमधली त्यांची संख्या दहा लाख ते एक कोटीच्या घरात गेली की प्रथिने तोडणारी विकरे ते भरपूर सोडू लागतात. पाश्चरीकरणात जीवाणू मरतात, विकर मात्र तगते. यूएचटी म्हणजे अतिउच्च तापमानाच्या प्रक्रियेतल्या १४० अंशांतूनही त्याचा काही अंश वाचतो आणि बंद खोक्यातले दूध काही महिन्यांनी कडवट होते, नाहीतर त्याची जेली बनते.

प्रथिनांची ही मोडतोड तपासायला नव्याने लागणाऱ्यांना एक अडचण आधीच सांगायला हवी. संकलन केंद्रावरची फॅट, एसएनएफ (फॅटखेरीजचे घन पदार्थ) आणि आम्लतेची तपासणी ही मोडतोड दाखवत नाही. योहान केल्डाल यांची १८८३ची नायट्रोजन मोजण्याची पद्धतही संपूर्ण दुधावर वापरली तर इथे उपयोगी पडत नाही, कारण प्रथिन तुटले तरी त्यातला नायट्रोजन दुधातच राहतो. म्हणून शोधायचे ते तुकडे. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने अखंड प्रथिने साक्यात बसवायची आणि वर उरलेल्या निवळीतले टायरोसिन रंगावरून मोजायचे, ही हल यांची १९४७ची रीत आजही शिकण्याजोगी आहे. ओपीए (ऑर्थो-फ्थॅलाल्डिहाइड) पद्धत प्रथिनाची साखळी तुटल्यावर मोकळी होणारी अमिनो टोके मोजते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यापुढचा प्रश्न : तोडले कोणी? गाईच्या रक्तातून दुधात येणारे प्लाझमिन हे विकरही दुधातले मुख्य प्रथिन केसीन तोडते, आणि कासदाह झालेल्या जनावराच्या दुधात ते अधिक असते. शिवाय थंडीत बीटा-केसीनचा काही भाग केसीनकणांतून सुटून बाहेर येतो आणि आयताच प्लाझमिनच्या तावडीत सापडतो. प्लाझमिनचे तुकडे बहुधा मोठे असतात, ते ४.६ सामूच्या (पीएच) निवळीत उतरतात, १२ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लात मात्र बहुतेक साक्यात जातात. जीवाणूंच्या विकरांचे बारीक तुकडे दोन्हींत विरघळतात. दोन्ही निवळ्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोष गोठ्यातल्या आजाराचा की टाकीतल्या अस्वच्छतेचा, याचा अंदाज बांधता येतो. दोन्ही विकरे एकत्र काम करत असतील तेव्हा एचपीएलसीचा (उच्चक्षमता द्रव वर्णलेखनाचा) आलेख वाचावा लागतो, आणि तो वाचायला सराव लागतो.

सुरुवात करताना त्याच दुधाचा ताजा नमुना आधी तपासून ठेवा. ताज्या दुधाच्या निवळीतही युरियासारखा प्रथिनेतर नायट्रोजन असतोच. तो वजा केल्याशिवाय पुढचे आकडे वाचता येणार नाहीत.