बाळाची गाडीतली जागा : मांडी की खुर्ची?

१९५९ साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोहलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही सावरणारा सीट बेल्ट आणला. कंपनीने पेटंट सर्वांना खुले केले, म्हणून तोच बेल्ट आज आपल्या गाडीत आहे. पण तो मोठ्यांच्या मापाचा. लहान मुलांचे काय?

हा प्रश्न स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी हाती घेतला. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेललेले असत, त्यामुळे दाब संपूर्ण पाठीवर विभागला जाई. त्यावरून १९६० च्या दशकात त्यांनी मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची तयार केली.

नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे पाव भाग असते आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचे डोके झटक्याने पुढे जाते व सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल, तर खुर्ची डोके, मान व पाठ एकत्र सावरते.

“मी घट्ट धरलंय ना!” असे पालक म्हणतात. पण ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. ते कोणत्याही आईबाबांच्या हातात नसते.

भारतात २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालखुर्ची नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. दंडासाठी नव्हे, बाळाच्या मानेसाठी खुर्ची घ्या. ती मागच्या सीटवरच बसवा, एअरबॅगसमोर कधीही नको.