परळच्या कारखान्यातील फिटर

लोहमार्गांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इंग्रज अभियंत्यांची नावे आणि कंपन्यांच्या भांडवलाचे आकडे मोठ्या निगुतीने जतन केले. परंतु ज्यांच्या हातांवाचून एकही एंजिन कारखान्याबाहेर पडले नसते, त्या फिटरांचा उल्लेख दप्तरांत आढळतो तो बहुधा हजेरीपटावर आणि मुशाहिऱ्याच्या वहीत. हा अन्याय मला नेहमी सलत आला आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तिची एंजिने लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत घडून जहाजाने मुंबईस आली होती. मात्र यंत्र समुद्रापार घडले तरी ते झिजायचे आणि दुरुस्त व्हायचे ते येथेच. १८६३मध्ये बोरघाट खुला झाला, आणि सदतीस फुटांस एक फूट अशा त्या बिकट चढणीवर एंजिनांचा व ब्रेकांचा कस लागू लागला. आरंभी भायखळ्यास चालणारे दुरुस्तीचे काम अखेर १८७९ साली परळच्या प्रशस्त कारखान्यात आले. पुढे १९१५मध्ये डबे व वाघिणी माटुंग्यास गेल्या आणि परळ केवळ एंजिनांचे राहिले.

फिटरच्या कसबाचे मर्म जाणायचे, तर आसाच्या बेअरिंगचे काम पाहावे. पितळी साच्यात कथिलप्रधान पांढऱ्या धातूचे अस्तर ओतून झाले, की तेलात कालवलेल्या शेंदराचा अगदी पातळ हात फिटर आसाच्या गुळगुळीत भागावर फिरवी, त्यावर बेअरिंग बसवून किंचित हलवी आणि उचलून उलटे करी; जेथे रंग लागला तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा बैठक, आणि रंगाचे ठिपके सर्वत्र सारखे उमटेपर्यंत हाच क्रम. बैठक आवळ झाली तर तेलाला वाव उरत नाही, आस तापतो, अस्तर वितळते आणि गाडी आडरानात उभी राहते. सैल झाली तर प्रत्येक फेऱ्याला आघात बसतो. या दोहोंमधले अंतर केसाहून बारीक, आणि ते ओळखण्याची शक्ती वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने बोटांत उतरलेली. या विद्येला मी निःसंकोच शास्त्र म्हणेन.

खलाशी, म्हणजे कारखान्यातील मदतनीस, म्हणून भरती झालेला होतकरू माणूस फिटर होई, क्वचित मिस्त्रीही. परंतु त्यावरच्या जागा बहुतांशी युरोपियन व अँग्लो-इंडियनांकडेच राहत. १९२५मध्ये परळचा कारखाना चालवणाऱ्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा कारभार सरकारकडे आला, तरी कामगारांची गाऱ्हाणी मिटली नाहीत. १९३०च्या फेब्रुवारीत तिच्या कामगारांनी मोठा संप पुकारला. तो मोडला, आणि अनेकांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. ज्यांच्या हातांवर सारा कारखाना उभा, त्यांनाच दाराबाहेर ठेवणारी ही राजनीती अदूरदर्शी होती.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली. त्या गाडीला बाष्पाचा दट्ट्या नव्हता, पण आस आणि बेअरिंग होतेच, म्हणून फिटरही राहिला. पुढे रोलर बेअरिंगांनी खरवडण्याचे काम संपविले आणि कारखान्यांतून वाफेची एंजिनेही हद्दपार झाली. तथापि आजही आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण हातकरवत आणि कानस यांपासूनच सुरू होते, आणि कानसलेल्या पोलादी तुकड्यास गुण्या लावून, मधून उजेड दिसतो की नाही, हे शिक्षक डोळ्यांनीच तपासतो.