घर विकून भाड्याने राहावे काय? मोहगाव-नागपूर वाटेवरचा हिशेब

मोहगाव हे मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तालुक्यातले छोटे नगर. बोली मराठी, शेती कापसाची आणि संत्र्याची, आणि मोठे शहर म्हणजे नागपूर. सौंसर ते नागपूर हे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. मोहगावातून निघणाऱ्याला सौंसरपर्यंतची वाट त्यात मिळवावी लागते. अशा रोजच्या जाण्यायेण्याला त्या भागात ‘अपडाऊन’ म्हणतात. काही वर्षे अपडाऊन करून थकलेल्या माणसाच्या घरात मग एक विषय निघतो: वाडवडिलांचे घर विकून नोकरीच्या गावी भाड्याने राहावे काय? दोडामार्ग किंवा बांदा येथून म्हापसा-पणजीला रोज येणाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही. राज्याची हद्द ओलांडून नोकरी असली, की घराच्या हिशेबात किमतीखेरीज आणखी बरेच काही येते. मोहगावचे उदाहरण त्यासाठीच पाहण्याजोगे आहे.

ही हद्द फार जुनी नाही. नागपूर ही मध्य प्रांताची, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मध्य प्रदेशाचीही राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भातील आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाची राजधानी भोपाळ झाली; बाजार, दवाखाना, महाविद्यालय आणि पुढे नोकरी मात्र नागपुरातच राहिली. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, आणि जिल्ह्याच्या कामासाठी छिंदवाड्याकडे वळणारी पावले पांढुर्ण्याकडे वळू लागली. कामाचे ठिकाण असे सरकारच्या एका अधिसूचनेनेही बदलते. विकलेले घर मात्र परत येत नाही.

रेल्वेनेही या भागाला हेच शिकवले. नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मार्गाची गाडी 2015 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि संपूर्ण मार्ग पुन्हा जोडला जाण्यास 2021 साल उजाडले. मधली वर्षे सौंसरच्या प्रवाशांना रस्त्यावरच काढावी लागली. त्या काळात गाडी नाही म्हणून घर विकणाऱ्यालाही पुढे रुळावरून गाडी धावताना दिसलीच असती.

आता आकडे. हिशेबाच्या सोयीसाठी एका बाजूचे अंतर 75 किलोमीटर धरू. दुचाकी एका लिटरला 50 किलोमीटर जात असेल, तर दिवसाला तीन लिटर आणि 25 दिवसांना 75 लिटर पेट्रोल लागते. 105 रुपये भावाने महिन्याचे 7,875 रुपये झाले. टायर, तेल आणि दुरुस्ती वेगळी. जाण्यायेण्याचे रोज चार तास धरले तर महिन्याचे शंभर तास, वर्षाचे बाराशे. आठ तासांचा एक कामाचा दिवस मानला तर वर्षातले दीडशे दिवस रस्त्यावर जातात. अंधारात ट्रकच्या मागे दुचाकी हाकण्याचा धोका कोणत्याही रकमेत बसवता येत नाही, आणि घर सोडण्याचे सर्वांत बळकट कारण बहुधा तेच असते.

दुसऱ्या बाजूला घर. ते 15 लाखांना विकले जाते आणि बँकेत 7 टक्के व्याज मिळते असे समजू. वरवर पाहता महिन्याला 8,750 रुपये व्याज येईल, आणि 9,000 रुपये भाड्याची खोली जवळजवळ फुकट पडेल. या सोप्या त्रैराशिकावर अनेक घरे विकली जातात. त्यात दोन गफलती आहेत. व्याजाचा आकडा मुद्दल तेवढेच राहिल्याने जागीच राहतो, भाडे मात्र वाढत जाते. दरसाल 5 टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी तीच खोली साडेचौदा हजारांच्या पुढे जाते. दुसरी गफलत कराची आहे.

घर 24 महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल तर विक्रीतला नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. 23 जुलै 2024 पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता 12.5 टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह 20 टक्के हा जुना हिशेबही करून पाहता येतो आणि ज्यात कर कमी तो स्वीकारता येतो. 2001 पूर्वीच्या घराची खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चा वाजवी बाजारभाव धरण्याची मुभा असल्याने, वडिलोपार्जित घराच्या बाबतीत हा दुसरा हिशेब केल्यावाचून सोडू नये. खरी मेख पुढे आहे. नफ्याच्या रकमेतून ठरलेल्या मुदतीत दुसरे राहते घर घेतले तर करात सूट मिळते. भाड्याने राहणाऱ्याला ती मिळत नाही. त्याच्यासाठी विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत कमाल 50 लाख रुपये गुंतवण्याचा मार्ग उरतो, आणि ते पैसे पाच वर्षे अडकतात. वरच्या उदाहरणात 12 लाख नफा ठरला आणि 12.5 टक्क्यांचा मार्ग धरला, तर उपकरासह 1,56,000 रुपये जातात. उरलेल्या रकमेचे व्याज महिन्याला 7,840 रुपये होते, म्हणजे जवळजवळ वाचलेल्या पेट्रोलइतकेच.

या योगायोगातच निर्णयाची किल्ली आहे. अपडाऊन थांबले की पेट्रोलचे 7,875 रुपये घर न विकताही वाचतात, आणि 9,000 रुपये भाड्यातला मोठा वाटा त्यातूनच निघतो. नागपुरातला दूधभाजीचा खर्च, अनामत रक्कम आणि सुटीला गावी जाण्याचे भाडे वाढेल हे खरे. पण जागा बदलणे आणि घर विकणे हे दोन निरनिराळे निर्णय आहेत. घरातल्या चर्चेत ते एकाच दमात घेतले जातात आणि तेथेच चूक होते. पहिला निर्णय अकरा महिन्यांत मागे घेता येतो, दुसरा कधीच नाही. निदान एक वर्ष भाड्याने राहून पाहिल्यावाचून विक्रीची बोलणी काढू नयेत. शिवाय भाड्याची खोली नागपुरातच हवी असे नाही. नोकरी शहराच्या उत्तर बाजूला असेल तर अर्ध्या वाटेवरचे सावनेरही चालते.

भाडेकराराचा कायदा हद्दीबरोबर बदलतो. मोहगावात 1961 चा मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, तर नागपुरात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. महाराष्ट्रात भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नुसत्या मुद्रांक कागदावर सह्या करून मोकळे होण्याची रीत अजून आहे, परंतु नवख्या भाडेकरूने तीवर विसंबू नये.

विकायचेच ठरले तर प्रथम पाहावी ती मालकी. जुन्या वस्तीतल्या घरांचे कागद अनेकदा पालिकेच्या करपावतीपुरतेच असतात, आणि करवहीत नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. आसपासच्या खेड्यांत 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी होऊन हक्काचे कागद मिळू लागले. मध्य प्रदेश हे त्यातले आरंभीचे राज्य. बहिणींच्या संमतीचा विषय तर अखेरपर्यंत टाळला जातो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. तिचे माहेर विकताना तिला विचारणे हा शिष्टाचार आहेच, आता तो कायदाही आहे.

राज्य बदलण्याची किंमत मात्र व्यवहाराच्या कागदावर कोठेच दिसत नाही. महाराष्ट्राच्या अधिवासासाठी सामान्यतः 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जातीचा दाखला कुटुंब ठरावीक तारखेला ज्या राज्यात राहत होते तेथून मिळतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, तर महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. मोहगावचे कुटुंब नागपुरात गेले म्हणून त्याच्या मुलांना महाराष्ट्राचे आरक्षण मिळत नाही. दहावी-बारावी कोणत्या राज्यात झाली यावर व्यावसायिक महाविद्यालयांतले प्रवेश अवलंबून असतात. घर विकल्याने दाखला रद्द होत नाही, हे खरे. पण पिढ्यांचे वास्तव्य सिद्ध करणाऱ्या जुन्या पावत्या आणि उतारे त्याच घराच्या पेटीत असतात. मध्य प्रदेशातील लाडली बहना योजना तेथील रहिवासी महिलांसाठी आहे, महाराष्ट्रातील लाडकी बहीण येथील. मधल्या काळात घरातल्या बाईला दोन्हीकडून मुकावे लागू शकते.

दोडामार्गहून गोव्यात राहायला येणाऱ्याचीही हीच गत आहे, कारण गोव्यातही सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणहून वेर्ण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या गोमंतकीयाला हद्दीची अडचण नाही. त्याच्यापुढे निराळी आहे. गोव्याच्या नागरी संहितेनुसार पतिपत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक असते आणि स्थावर विकताना दोघांचीही संमती लागते. वडील वारल्यावर वारसांची वाटणी झालीच नसेल, तर एकट्याने घर विकण्याचा प्रश्नच येत नाही.

घर न विकण्यालाही खर्च आहे. कवेलूचे घर दर पावसाळ्याआधी शाकारावे लागते, बंद खोलीत वाळवी धरते, मातीच्या भिंतीला एक गळकी जागा पुरते. वर्षभर कुलूप राहिलेल्या घराची किंमत उतरते. त्यावर मोहगावकडे जुना उपाय आहे: एक खोली आपल्या सामानासाठी ठेवून बाकीचे घर एखाद्या शिक्षकाला किंवा नात्यातल्या कुटुंबाला देणे. भाडे थोडे येते, पण चूल पेटती राहते. करार मात्र तेथेही लेखी हवा. संत्र्याची बाग असलेल्याला तर घर ठेवावेच लागते. आंबिया बहाराची तोड दिवाळीच्या मागेपुढे सुरू होते, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि त्या दिवसांत राखणीला माणूस बागेजवळच मुक्कामाला लागतो. बाग नाही, भाऊबहिणी बाहेर स्थिरावलेल्या, कागद स्वच्छ आणि वर्षभर भाड्याने राहूनही परतण्याची ओढ नाही, अशा घराला गिऱ्हाईक आले तर ते परत पाठवण्याचे कारण नाही. त्या आधी पेटीतले कागद तेवढे काढून घ्यावेत.