डगमगतंय कोण, तारा की दुर्बीण?

पनवेलहून पेणच्या रस्त्याला लागलं की कडेची झाडं भराभर मागे पळतात, पण कर्नाळ्याचा सुळका बराच वेळ जागचा हलत नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. ताऱ्यांची अंतरं मोजायची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पृथ्वी ही आपली गाडी. सहा महिन्यांत ती सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, म्हणजे साधारण ३० कोटी किलोमीटर लांब जाते. तेवढ्यात जवळचा तारा मागच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात.

किंचित म्हणजे किती? भुजंगधारी तारकासमूहात बर्नार्डचा तारा नावाचा एक लाल बटू आहे. सूर्यापेक्षा लहान, थंड आणि इतका मंद की साध्या डोळ्यांना दिसतच नाही. सहा महिन्यांत तो सरकतो १.०९ विकला. (अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला.) चार किलोमीटरवर कोणीतरी एक रुपयाचं नाणं धरून उभं आहे, त्या नाण्याच्या रुंदीएवढं हे सरकणं! गणित त्यामानाने फारच सोपं. या कोनाचा निम्मा ०.५४७, ३.२६ ला त्याने भागा, उत्तर ५.९६ प्रकाशवर्षं. एका ओळीचा कोड. अवघड आहे ते इनपुट मिळवणं. म्हणूनच १८३८ साली बेसेलने ६१ सिग्नी या ताऱ्याचा पॅरॅलॅक्स जाहीर करेपर्यंत कोणत्याही ताऱ्याचं खात्रीलायक अंतर माणसाला माहीत नव्हतं.

आता जरा पुण्याला जाऊया. १८४२ साली तिथे कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब याने स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. जेकब कंपनी सरकारच्या बॉम्बे इंजिनिअर्समधला, म्हणजे तोही इंजिनिअरच! हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात त्याने काम केलं होतं. एक पाया मोजायचा, दोन टोकांवरून डोंगराचा कोन घ्यायचा आणि अंतर काढायचं. जमिनीवरचं काम संपल्यावर हा माणूस तीच कोन मोजायची सवय घेऊन आकाशाकडे वळला. पुण्यातून पाच फुटी दुर्बिणीने त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी केली आणि १८४८ साली ती लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला दिली. त्याच वर्षअखेरीस तो मद्रास वेधशाळेचा संचालक झाला.

१८५५ साली जेकबने एक धाडसी गोष्ट मांडली. भुजंगधारीमधल्याच ७० ऑफियुकी या जोडताऱ्याची कक्षा गणिताशी जुळत नव्हती. न दिसणारा एखादा ग्रह ताऱ्याला ओढत असावा, असं त्याचं म्हणणं. सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, निरीक्षणांच्या आधारावर केलेला हा अगदी सुरुवातीचा दावा. विचार बिनचूक होता. ग्रह खरंच ताऱ्याला डगमगवतो. पण हा ग्रह नव्हताच. त्या काळच्या मापांतली चूकच तेवढी मोठी होती.

जेकब जिद्दी होता. पुण्याजवळ डोंगरावर, स्वच्छ हवेत, वेधशाळा काढायचं त्याच्या मनात होतं. १८६२ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतःच घेतली होती. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला, पुण्याला पोचला आणि १६ ऑगस्टला वारला. वय ४८. डोंगरावरची वेधशाळा राहिलीच.

गोष्ट इथे संपत नाही. ७० ऑफियुकीपासून आकाशात जेमतेम तीन अंशांवर तो आपला लाल बटू आहे. १९१६ साली एडवर्ड बर्नार्डने जुन्या आणि नव्या फोटोंची तुलना करताना तो पकडला. हा तारा वर्षाला तब्बल दहा विकला पळतो, म्हणजे साधारण १८० वर्षांत चंद्राच्या रुंदीएवढा. इतका जवळचा आणि इतका हलका तारा म्हटल्यावर ग्रह शोधणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटणारच. अमेरिकेत स्प्राऊल वेधशाळेत पीटर व्हॅन डी कॅम्पने १९३८ पासून त्याच्या हजारो फोटोप्लेट जमवल्या आणि १९६३ साली जाहीर केलं की तारा डगमगतोय, त्याच्याभोवती गुरूपेक्षा मोठा ग्रह आहे. पाव शतकाचा डेटा! पाठ्यपुस्तकांतही गेला तो ग्रह.

१९७३ साली दुसऱ्या दुर्बिणींच्या प्लेट तपासल्या, तर त्यात डगमग नाही. आणि स्प्राऊलच्याच प्लेटमध्ये इतर तारेही त्याच वेळी उडी मारताना सापडले. १९४९ साली दुर्बिणीच्या भिंगाची चौकट बदलली होती, ती उडी नेमकी तेव्हाची. डगमगत होती दुर्बीण!

ज्यांनी कधी लॉग वाचलेत त्यांना हे लगेच पटेल. ग्राफमध्ये उडी दिसली की आधी विचारायचं, त्या दिवशी काय डिप्लॉय झालं होतं? आणि एकाच सर्व्हरचा डेटा कितीही वर्षांचा असला तरी त्या सर्व्हरची खोड त्यात कायमच राहते. ती दुसऱ्या मशीनवरच कळते. ताऱ्याचं अंतर टिकलं ते यामुळेच. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या दुर्बिणींनी ते पुन्हा पुन्हा मोजलं आणि उत्तर तिथल्या तिथेच आलं.

२०१८ साली या ताऱ्याभोवती आणखी एक ग्रह जाहीर झाला, तोही टिकला नाही. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीने एक लहानसा ग्रह पकडला. या वेळी मोजला होता तारा आपल्याकडे येण्या-जाण्याचा वेग, सेकंदाला साधारण अर्धा मीटर. आपण चालतो त्यापेक्षाही हळू. मार्च २०२५ मध्ये हवाईतल्या वेगळ्या दुर्बिणीने, वेगळ्या उपकरणाने तोच ग्रह पाहिला आणि दोन्हींचा डेटा मिळून ग्रह झाले चार. चारही पृथ्वीपेक्षा हलके, चारही सात दिवसांच्या आत प्रदक्षिणा पूर्ण करणारे.

म्हणजे जेकबचा ग्रह चुकला, पण रस्ता बरोबर होता. फक्त त्याला लागणारी दुसरी दुर्बीण यायला १७० वर्षं लागली.

पाऊस सरला की ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेला भुजंगधारी दिसतो. नवीन पनवेलच्या दिव्यांत विचुंब्यातून ७० ऑफियुकी सापडणं कठीण, माथेरानला गेलात तर जमेल. तिथून तीन अंश बाजूला, जिथे डोळ्यांना काहीच दिसणार नाही, तिथे ते चार ग्रह आहेत.